पानठेल्यावरचे दोन आवाज

भंडाऱ्याजवळच्या शहापुरात हायवेले लागून माह्या दोस्ताच्या बापाचा पानठेला होता, अन् आमचं खरं इंग्रजी तिथंच झालं. शाळेतले सर गायीवरच्या निबंधापुढं कधी गेलेच नाहीत. ठेल्यावर मात्र टेप होता अन् एक कॅसेट होती. वरठीच्या कारखान्यात लागलेल्या माह्या मावसभावानं नागपूरहून आणलेली. दोन गोऱ्यांची निवडक हिट गाणी. कव्हरवर दोघं असे उभे, जसं दोघांले एकाच पोरीनं नाही म्हटलं. ढोलताशे नाहीत, आरडाओरड नाही. एक जण हळूच खालून समजावे, अन् दुसरा मधातच आवाज वर नेऊन रडे. हर गाण्यात तेच.

मी नकल्या. हेडमास्तरचा खोकला, कंडक्टरची घंटी, बकरीले लागलेला ठसका, सारं काढत होतो. म्हणून खालचा आवाज माहा अन् वरचा दोस्ताचा. शब्द आमचे बनावटी, पण तो वर गेला की ट्रकवाले हातातला चहा थंड करत उभे राहत. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, जत्राच ती, रातभर स्टेजवर नाचगाणं. त्या साली अड्याळच्या मंडईत आम्ही दोघं स्टेजवर गाणार होतो.

सुरुवात मिरचीपासून झाली. जो दोस्त नुसता ठेचा खाये, तो वरण तिखट लागते म्हणून ताट सरकवू लागला. त्याची माय म्हणे उष्णता आहे, सब्जा पी. मंग शिट्टी गेली. ओठ गोल होत, हवा निघे, आवाज नाही. मी लगेच त्याची नक्कल करून दाखवली. पोट्टे हसले, तोही हसला, अन् हसता हसता त्याचं तोंड अर्ध्यातच थांबलं. बाकीच्यांले दिसलं नसन. मले दिसलं. दिवसभर लोकांचे तोंडं पाहणं, दुसरं काम काय होतं मले.

ठेल्यावर खर्रा जास्त खपे. सुपारी, तंबाखू अन् चुना प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन फळीवर घोटायचा. चुना जास्त झाला तं गिऱ्हाईकाचं तोंड भाजते, कमी झाला तं तो शिव्या देते. बरोबर झाला का, हे डोळ्यानं कळत नाही. म्हणून हर खर्ऱ्यातली एक चिमूट घोटणाऱ्यानं आपल्या तोंडात टाकून पाहायची. शाळा सुटल्यावर घोटायचं काम दोस्ताचं. त्याले खर्ऱ्याची सवय आहे, असं घरात कोणीच म्हणत नव्हतं. तो खाये नाही, तो चव पाहे.

मंडई जवळ आली तशी तालीम बिघडू लागली. वरचा सूर आला की हा दात आवळून उभा.

"तोंड उघड नं बे," मी म्हटलं.

"उघडलंच तं आहे."

मी पाहिलं. एक बोट जाईन, इतकंच. तो म्हणे थंडी बसली जबड्यात, मंडईपर्यंत मोकळं होईन.

नाही झालं. स्टेजवर मी माहं खालचं म्हटलं. वरचं आलं तेव्हा त्याच्या गळ्याच्या शिरा फुगल्या अन् आवाज दाताच्या आतच राहिला. लोकांले वाटलं, हीबी नक्कलच. बाया पदर तोंडाले लावून हसल्या. मागून कोणीतरी वन्स मोअर दिला. त्यानं पुन्हा केलं. मी त्याच्याकडं पाहणं सोडून दिलं.

मंग त्यानंच मले म्हटलं, भंडाऱ्याले डॉक्टरकडं चाल. डॉक्टरनं टॉर्च लावली, गालाच्या आतून बोट फिरवलं. मंग सांगतलं की आतलं चामडं पांढरं अन् दोरीसारखं कडक झालं. जितकं उघडते तितकं सांभाळ, गेलेलं वापस येत नाही. एक चिमूटबी आता नको, पुढं याच जागी काय होते ते मले सांगाले लावू नको. दोस्तानं विचारलं, गाता येईन का. डॉक्टरनं टॉर्च बंद केली.

तिथून आम्ही सरळ ठेल्यावर आलो. मी त्याच्या बापाले सारं सांगतलं. तो ऐकत होता अन् त्याचे हात घोटत होते. समोर ट्रक चालू ठेवून ड्रायव्हर खर्ऱ्यासाठी उभा होता. बापानं चिमूट उचलली, सवयीनं हात पोराकडं नेला अन् मधातच थांबला. मंग तो हात माह्याकडं वळला.

"तू पाहून सांग, बाबू."

माहं तोंड उघडलंच होतं. दोस्तानं बापाचं मनगट धरलं. बापाचा हात धरताना मी त्याले कधी पाहिलं नव्हतं.

"त्याले नको देऊ, बाबा," तो दाताच्या फटीतून बोलला.

बाप त्याच्याकडं पाहत राहिला. ड्रायव्हर म्हणे, चलो भाई, देर हो रही. बापानं चिमूट आपल्या तोंडात टाकली, गालात फिरवली, अन् पन्नी बांधता बांधता म्हणाला, चुना बरोबर आहे.