काचेला विचार

“मला काय विचारतोस, मेल्या? काचेला विचार.”

हे म्हणताना बाईंच्या उजव्या हाताच्या चिमटीत तपकीर असायची आणि डावा हात टेबलावरच्या कंदिलाकडे गेलेला असायचा. वाक्य संपलं की त्या तपकीर ओढायच्या, डोळे मिटायच्या आणि शिंक येईपर्यंत वर्गाशी त्यांचा काही संबंध उरायचा नाही. तुम्ही चांगले शिक्षक पाहिले असतील ते बहुतेक फळ्यापुढे बोलताना. मी पाहिलेल्या सगळ्यात चांगल्या बाई खुर्चीत बसून शिंकेची वाट बघत असायच्या.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. आमच्या भागात पहिले कारखाने नुकते उभे राहत होते. आमची शाळा लोकल बोर्डाची, चिंचवडहून आकुर्डीकडे जाताना लागणारी. पटावर बहुतेक मळेकऱ्यांची पोरं आणि कामधंद्यासाठी लांबून आलेल्यांची थोडी. मी पाचवीला होतो, म्हणजे शिकवायला. बाई सातवीला.

बाई राजापूरकडच्या. आडव्या अंगाच्या, नऊवारी नेसणाऱ्या, एकट्या. लहानपणीच कपाळ पांढरं झालेलं, मग कुणाच्या तरी आधारानं शिकलेल्या. चिंचवड गावठाणात एका खोलीत राहायच्या. त्यांच्या तोंडच्या ‘मेल्या’नं आल्या आल्याच घोटाळा केला. कोकणात तो लाडाचा शब्द, आमच्याकडे शिवी. एक मळेकरी तणतणत शाळेत आला.

“आमच्या पोराला जित्तेपनी मेला म्हनता व्हय?”

“अहो, आमच्याकडे मायेनं म्हणतात तसं.”

“मंग राग आल्यावर काय म्हनता?”

“राग आला की मी अहोजाहो करते.”

तो माणूस टोपी सारखी करून निघाला. जाताना म्हणाला, “मंग आमच्या पोराला मेल्याच म्हना.” तेव्हापासून मुलगा दिसला की मेल्या आणि मुलगी दिसली की मेल्ये, असं बिनबोभाट सुरू झालं.

आता कंदिलाचं सांगतो. बोर्डाकडून शाळेला एक जादूचा कंदील आला. पत्र्याची पेटी, आत रॉकेलचा दिवा, पुढे भिंग आणि मध्ये एक खाच. त्या खाचेत चित्राची काच सरकवायची की ते चित्र भिंतीवर पुरुषभर उंच दिसायचं. फक्त काच उलटी घालायची, चित्राचं डोकं खाली करून. मग भिंतीवर ते सुलटं पडतं. सोबत हिमालय, देवीचे फोड, सुधारलेला नांगर अशा काचा होत्या. एक गणपतीचीही होती.

आमचे मुख्याध्यापक म्हणजे मोठे गुरुजी. काळा कोट, स्वच्छ धोतर, पेन्शन जवळ आलेली. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. सरकारी नोकरीत या दोन्हींचं फळ पुष्कळदा एकच असतं. त्यांनी सगळ्या गावाला बोलावून कंदिलाचं उद्घाटन ठेवलं आणि पहिली काच अर्थातच गणपतीची घेतली.

“गुरुजी, उलटी घाला,” बाई हळूच म्हणाल्या.

“देवाला डोक्यावर उभा करू? बाई, मोरयाच्या गावात आहोत आपण.”

त्यांनी काच कपाळाला लावली आणि सुलटी, सन्मानानं खाचेत बसवली. भिंतीवर गजानन पाय वर करून अवतरले. मोदक छताला लागले, उंदीर त्याच्याही वर. पुढे बसलेला एक म्हातारा ओरडला, “गुर्जी, द्येव पडला!”

कार्यक्रम तिथेच संपला. काच उलटी करून बघायला कुणाचा हात धजला नाही. आपलं चुकलं असं गुरुजी कसे म्हणणार? ते म्हणाले, यंत्रात दोष आहे.

शाळेच्या बाहेरच्यांना डेडस्टॉक हा शब्द कदाचित माहीत नसेल. खुर्च्या, घंटा, नकाशे, पृथ्वीचा गोल, सगळं डेडस्टॉक. शब्द इंग्रजी, पण आमचा शिपाईही तो सहज बोलायचा. त्यातली वस्तू मोडली तर जबाबदारी वापरणाऱ्याची, म्हणून ती कुणी वापरायची नाही. तिला कुलूप घालायचं आणि साहेब तपासणीला आले की पुसून मांडायची. कंदील मात्र या कैदेतून सुटला. देव उलटे दाखवणारं यंत्र नको म्हणून गुरुजींनी तो नादुरुस्त ठरवला आणि वरून मंजुरी आणून डेडस्टॉकातून खारीज करून टाकला.

बाई दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. “गुरुजी, तो मोडका डबा मी नेऊ का?”

“न्या. भंगारच आहे.”

खारीज झालेली वस्तू मोडायची भीती नसते. बाईंनी ती सरळ पोरांच्या हातात दिली. सातवीच्या खिडक्यांना गोणपाटं लागली आणि भर दुपारी त्या खोलीत अंधार पडू लागला. पोरं दिवा लावायची, भिंग पुढे-मागे करायची, बोटं भाजून घ्यायची. आणि विचारायची.

“बाई, चित्र उलटं का दिसतंया?”

“मला काय विचारतोस, मेल्या? काचेला विचार.”

आम्ही बाकीचे शिक्षक हसायचो. बाईंना येत नाही म्हणून सांगत नाहीत, असा एक पक्ष होता. बाई आळशी आहेत, असा दुसरा. मी आधी पहिल्यात होतो. एकदा मधल्या सुट्टीत बाईंना विचारलंच की सांगून का टाकत नाही. त्या म्हणाल्या, “मला लहानपणापासून सगळ्यांनी सगळं सांगितलं हो. काय नेसायचं, काय खायचं, कुठे बसायचं. तुला काय वाटतं, हे कुणी विचारलं नाही. तेवढं एक मी या पोरांना देते.” मग त्यांनी तपकीर ओढली आणि विषय संपवला.

त्या वर्गात एक मुलगी होती, नदीकडच्या मळ्यातली. पहिलीपासून कुणी तिचा आवाज ऐकला नव्हता. हजेरीलाही ती नुसता हात वर करायची. चित्र उलटं का होतं याचा छडा तिनं लावला. तिनं घरून उदबत्ती आणली आणि भिंगापुढे तिचा धूर धरला. धुरात उजेडाची वाट दिसायला लागली. अंधारातून एक बारीक आवाज आला, “वरचा उजेड खाली जातोया. खालचा वर. मधी फुली पडती.” कोण बोललं, हे कळायलाच वर्गाला वेळ लागला.

बाई शिंकल्या. शिंकेच्या आड त्यांनी डोळे पुसले, हे कंदिलाच्या उजेडात मी दारातून पाहिलं.

हिमालय आणि देवीचे फोड बघून पोरं कंटाळली तेव्हा ती स्वतःच्या काचा करू लागली. चिंचवडच्या बाजारात तसबिरींना काचा बसवणारा एक जण होता, त्याच्याकडून वाया गेलेले तुकडे आणायचे. काच चिमणीवर धरून तिच्यावर काजळी चढवायची आणि बाभळीच्या काट्यानं त्या काजळीत चित्र कोरायचं. भिंतीवर काळ्यात पांढऱ्या रेघा उमटायच्या. कुणी मोट काढली, कुणी पवनेचं वळण, कुणी ग्रहण. ज्याची काच त्यानं उभं राहून ती समजावून द्यायची. अंधारात मुलांना तोंड फुटतं. आपलं तोंड कुणाला दिसत नाही म्हटल्यावर लाज कशाची?

त्या मुलीनं आपला मळा काढला. विहीर, मोटेचं पाणी पडतं ते थारोळं, पाट, बांधावरची झाडं. सगळ्या वाफ्यांना घरात वेगवेगळी नावं होती, ती तिनं सांगितली. म्हातारीचा वाफा, भांडणाचा वाफा. भांडण कुणाचं, हेही सांगितलं आणि वर्ग हसून लोळला. ती अंधारात मजेत बोलत होती. उजेडात मात्र पुन्हा मुकी.

बाईंना एवढंच हवं होतं. एकदा मला म्हणाल्या, “ही उजेडात बोलली ना, की माझं काम झालं.”

थंडीत तपासणीचे साहेब आले. सातवीत शिरले तर खोलीत अंधार आणि भिंतीवर मोट चालू. त्यांनी गोणपाटं काढायला लावली. कंदिलाकडे बघून गुरुजींना विचारलं, “हा तर नादुरुस्त म्हणून खारीज झालाय ना? मग चालतो कसा?”

गुरुजींनी बाईंकडे बोट केलं. “बाईंनी... काही केलं असेल, साहेब.”

“काय हो बाई? हा बिघडलेला होता की नव्हता?”

बाईंच्या चिमटीत तपकीर तशीच होती. त्यांनी गुरुजींकडे पाहिलं. खरं एका वाक्यात सांगता आलं असतं आणि गुरुजींची पेन्शन अडचणीत आली असती. मग त्यांचा डावा हात सवयीनं कंदिलाकडे गेला.

“मला काय विचारता, साहेब? काचेला विचारा.”

मी तेव्हा गुरुजींच्या मागे उभा होतो, म्हणून ठामपणे सांगतो की त्यात उर्मटपणा नव्हता. साहेबांनी काच हातात घ्यावी, सुलटी घालून बघावी, उलटी घालून बघावी, एवढंच ते आमंत्रण होतं. साहेब लाल झाले.

आणि ती मुलगी उठली. खिडक्या सताड उघड्या, लख्ख ऊन.

“सायेब, काच उलटी घालावी लागती. वरचा उजेड खाली जातो आन् खालचा वर. मधी फुली पडती. गुर्जींनी सुलटी घातली व्हती, म्हनून द्येव पडला.”

वर्ग हसला. गुरुजी जमिनीकडे बघत राहिले.

“हे तुला कुणी शिकवलं?” साहेबांनी विचारलं.

मुलगी बाईंकडे बघू लागली. बाईंचा चेहरा इतका फुललेला मी आधी कधी पाहिला नव्हता.

“कुणी नाही, साहेब,” बाई म्हणाल्या. “मी नाही शिकवलं. ती आपली आपण शिकली.”

साहेबांनी ते लिहून घेतलं. अगदी तसंच. सदर शिक्षिका वर्गास शिकवीत नसल्याचे स्वतः कबूल करतात.

“साहेब, बाईंच्या म्हणण्याचा अर्थ असा की...” मी पुढे झालो.

“तुम्हाला विचारलेलं नाही.”

झालं. बाईंची बदली भोरच्या पलीकडे, घाटातल्या एकशिक्षकी शाळेत झाली. पुढे याच खात्याच्या शिबिरांत मी दिवसेंदिवस बसलो आहे. तिथे व्यासपीठावरून आम्हाला बजावत, मुलांना स्वतः शिकू द्या, साधनं त्यांच्या हाती द्या. आम्ही ते मुकाट्यानं उतरवून घेत होतो, कारण मध्ये बोलायची परवानगी नव्हती. प्रत्येक वेळी मला ते लाल झालेले साहेब आठवत आणि तोंड कडू होई.

कंदील पुन्हा डेडस्टॉकात चढला आणि कपाटात गेला. मी निवृत्त होताना नव्या मुख्याध्यापकांना कपाटं उघडून दाखवली, तेव्हाही तो तिथेच होता. नवी घातलेली वात कोरीच, भिंगावर मखमलीचा तुकडा. “चालतो का हो हा?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “सुस्थितीत आहे, असं लिहिलंय.” त्यांनी सही केली आणि कपाट लावून घेतलं.

पोरांच्या काचांची मात्र कुठेच नोंद नव्हती. शाळेत बेवारशी वस्तू नको म्हणून गुरुजींनी त्या धुऊन तसबिरीवाल्याला परत करायला सांगितलं. पोरांनीच हौदावर बसून त्या धुतल्या. काजळी ती, ओला हात लागताच गेली. ती मुलगी आपली काच बराच वेळ तशीच धरून बसली होती, मग तिनंही पदराच्या टोकानं पुसली. पुढच्याच उन्हाळ्यात नदीकडे मोजणीदार साखळ्या घेऊन आले आणि तो मळा कारखान्याच्या आवारात गेला. म्हातारीचा वाफा कुठे होता, हे आज मलाही दाखवता येणार नाही.

बाई पुन्हा इकडे आल्या नाहीत. त्या गेल्याचं मला फार उशिरा कळलं, तेही कुणी तरी सहज बोलून गेलं म्हणून. मला आठवतात त्या मुंबई रस्त्यावर एसटीची वाट बघत उभ्या असलेल्या. पत्र्याची ट्रंक, वळकटी, कमरेला तपकिरीची डबी. सातवीचा अख्खा वर्ग पोचवायला आला होता. गुरुजी आले नव्हते.

गाडी आली. ट्रंक टपावर चढली. बाई पायरीवर पाय ठेवणार, तेवढ्यात ती मुलगी पुढे आली. ऊन होतं, माणसं होती, तरी बोलली.

“बाई, म्या बोलाया नगं व्हतं का?”

बाई वळल्या. “मला काय विचारतेस, मेल्ये...” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा डावा हात नेहमीसारखा बाजूला गेला. तिथे काही नव्हतं. हात तसाच राहिला. पुढचे दोन शब्दही तसेच राहिले. त्यांनी तो हात मुलीच्या डोक्यावर ठेवला, आणि कंडक्टरनं घंटी ओढली.