शून्यावर मारायचा शिक्का

प्रयोगशाळेत तिला सगळे बर्फबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण तोंडावर म्हटलं असतं तरी तिने खुशाल ओ दिली असती. तेवीस वर्षं ती रक्त तपासत होती आणि त्यातली निम्मी तरी 'नळ्या बर्फात ठेवून पाठवा हो' अशी वॉर्डांच्या मागे भुणभुण करण्यात गेली होती. तिची खास माया कॉम्प्लिमेंटच्या तपासणीवर. कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तात तरंगणारी तीसेक प्रथिनं. जंतू दिसला की एक दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटची पाच मिळून जंतूच्या अंगाला भोक पाडतात. पराक्रम मोठा, पण प्रकृती नाजूक. नळी काही तास उबेत राहिली की सगळी मान टाकतात.

"एवढी फौज असताना माणूस आजारी पडतोच कसा?" असं एकदा नवऱ्याने जेवताना विचारलं आणि तो पस्तावला.

"अहो, जंतू काय दूधखुळे आहेत?" बर्फबाईने ताट बाजूला सारलं. "एक जण जाड गोधडी पांघरून बसतो, म्हणजे प्रथिनं अंगापर्यंत पोचतच नाहीत. दुसरा समोर येईल त्या प्रथिनाचे तुकडे पाडतो. आणि मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा एक आहे, तो तर महाबिलंदर. 'हा घरचा आहे, हात लावू नका' असं सांगणारं एक प्रथिन आपल्याच रक्तात असतं. हा पठ्ठ्या ते अंगाला चिकटवतो आणि राजरोस फिरतो."

"म्हणजे तुमच्या साहेबांसारखा," नवरा म्हणाला आणि त्याने भात वाढून घेतला.

साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. जबाबदारी अंगाला लागू न देण्याच्या विद्येत जंतूंनी त्यांच्याकडे शिकवणी लावायला हरकत नव्हती. तक्रार आली की ते मीटिंगमध्ये असत, आणि मीटिंग नसली की रजेवर. त्यांच्या उभ्या कारकिर्दीतलं एकमेव संशोधन म्हणजे एक रबरी शिक्का: 'नमुना अयोग्य. पुन्हा पाठवा.' कॉम्प्लिमेंट शून्य आलं की हा शिक्का मारायचा. शून्य म्हणजे नळी कुठेतरी उबेत पडून राहिली, वॉर्डाने हयगय केली, आपण नामानिराळे. खरं तर बहुतेक वेळा तसंच असे. बर्फबाईला शिक्का मारताना वॉर्डावर सूड उगवल्याचं समाधानही मिळे. पुढे कुणी पुन्हा नमुना पाठवला का, हे बघणं कोणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं. म्हणून कोणी बघत नसे.

मग ती सोळा वर्षांची मुलगी आली. मेंदूच्या आवरणाला सूज, दोन वर्षांत दुसऱ्यांदा. या खेपेला जीव वाचला, पण डाव्या कानाने ऐकू येईना. वॉर्डातली डॉक्टर नवी होती आणि चिवट होती. तिने पाठवलेला नमुनाही शिक्का बसून परत आला, तसा तिने फोन केला, "शिक्के पुरे झाले. तुम्हीच येऊन रक्त घ्या."

बर्फबाई डबा घेऊन गेली. रक्त तिने स्वतः काढलं, बर्फात घातलं, शेजारी तुलनेसाठी आपल्या रक्ताचीही नळी ठेवली. तपासणीत मेंढीच्या तांबड्या पेशी वापरतात. प्रथिनं धड असली की त्या फुटतात आणि नळीतलं पाणी लालभडक होतं. बर्फबाईची नळी लाल झाली. मुलीच्या नळीत पेशी तळाशी गुपचूप बसून राहिल्या. तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"शून्य ना? मारा शिक्का," साहेब म्हणाले.

"साहेब, मी स्वतः आणलंय. बर्फातून."

"मग बर्फ कमी पडला असेल."

"माझं रक्त त्याच डब्यात होतं. ते ठणठणीत आहे."

साहेबांनी घड्याळ बघितलं. अर्थात मीटिंग होती. "बघा बुवा. सही तुमची राहील."

तिने सही केली. मग सहज म्हणून जुनं रजिस्टर काढलं. दोन वर्षांपूर्वी, पहिल्या आजारानंतर, या मुलीचा नमुना आला होता. शून्य. शिक्का. शिक्क्याखाली सही बर्फबाईची.

साहेबांना ठेवलेली सगळी नावं आता तिला स्वतःलाही चपखल बसत होती. त्या पोरीच्या रक्तात राखणदारच नव्हता; जंतूला सोंग काढायचे कष्टसुद्धा पडले नव्हते. तेव्हाच कळतं तर लस देता आली असती, ताप दिसताच औषध सुरू झालं असतं. कान कदाचित वाचला असता. बर्फबाईला स्वतःची शरम वाटली, आणि ती शरम कुठल्या वॉर्डावर ढकलावी हे काही सुचेना.

दुपारी वॉर्डात डॉक्टर मुलीच्या आईला समजावत होती. दोष जन्माचा आहे, धाकट्या बहिणीतही असू शकतो, तिचंही रक्त बघू. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे आधी कळलं नसतं का?"

डॉक्टरला माहीत नव्हतं. बर्फबाई गप्प राहिली असती तर कोणाच्या बापाला पत्ता लागला नसता.

"कळलं होतं," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वीच शून्य आलं होतं. नमुना खराब असेल म्हणून परत पाठवला. मीच पाठवला."

आईने शेजारी उभ्या असलेल्या धाकटीला जवळ ओढलं. मग म्हणाली, "हिला तुम्ही हात लावायचा नाही."

बर्फबाईने मान हलवली. डब्याचं झाकण उघडून ती नुसती बाजूला उभी राहिली. नर्सने सुई टोचली, नळी भरली. आईने ती नर्सच्या हातातून काढून घेतली, बर्फात खोल खुपसली आणि डबा स्वतःच उचलला.

"चला, वाट दाखवा," ती बर्फबाईला म्हणाली. "या वेळी काय येतं, ते मी तिथे उभं राहून बघणार आहे."