सीटबेल्टमधली अंबाडी

"कोणी पाहिलं तं नाही ना?"

आमच्या समोरच्या घरातले गृहस्थ काहीही सांगायच्या आधी हे विचारायचे. मग खिडकीच्या पडद्याची एक पट्टी दोन बोटांनी खाली दाबून रस्त्याकडे बघायचे. आणि एवढं करून सांगायचे काय, तर आज दुकानात मेथी ताजी आली आहे! नाव नाही सांगत मी त्यांचं. छापून आलेलं त्यांना चालायचं नाही.

माणूस मूळचा नागपूरचा, इथे अमेरिकेत आलेला. अ‍ॅशबर्नमध्ये सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम आयुष्यभर केलं. दुसऱ्यांच्या चुका शोधता शोधता आपली एखादी निघेल ही धास्ती मनात बसली असावी. व्हिसावर किती वर्षं काढली, त्यांनाच ठाऊक. साठीला आले तेव्हा कुठे ग्रीन कार्ड हातात पडलं. रिकाम्या पार्किंगमध्येसुद्धा स्टॉपची पाटी दिसली की गाडी थांबवून तीनपर्यंत मोजायचे, मोठ्यानं. मागच्या सीटवर मी बसलेली असे. मी म्हणायची, "भाऊ, इथे कुत्रंसुद्धा नाही हो."

"कॅमेरा असते ना, ताई."

आता असा माणूस काय करील म्हणून तुम्हाला वाटतं?

एका ऑक्टोबरात मी त्यांचा डबा परत द्यायला गेले. बेल वाजवली, कोणी उघडेना. मग घराला वळसा घालून मागे गेले, तर लाकडी ओट्यावर उन्हात चार कुंड्या. आणि कुंड्यांत, अहो, अंबाडी! तीच लांब बोटांसारखी कातरलेली पानं. इथे येऊन मला सहा वर्षं झाली होती, अंबाडी डोळ्यांना दिसली नव्हती. वर लसणाची फोडणी घातलेली भाजी माझ्या डोळ्यांपुढे आली. सर्दीनं नाक गच्च होतं, वास कुठला कळणार! मी खुडायलाच लागले.

"ताई! हात लावू नका!"

दार उघडून ते धावत आले आणि माझ्या मुठीतला पाला त्यांनी अक्षरशः ओढून घेतला. इतकी चिडले मी! दोन पानांसाठी एवढं? फणफणत घरी आले. पदराला एक पान अडकून आलं होतं, ते सूनबाईपुढे टाकलं. "बघ, अंबाडी लावलीय, आणि खुडू देत नाही मेला."

सूनबाईनं पान हातात घेतलं, नाकाला लावलं आणि किंचाळली. "आई, ही वीड आहे! गांजा! आधी हात धुवा!"

मी तीनदा धुतले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले. पडद्याची पट्टी खाली करून झाली. मग खालमानेनं बोलले. वहिनींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, केमो चालू होतं. अन्न समोर आलं की उलटी. गांजाचा थोडा अर्क घेतला की अर्धी वाटी वरणभात पोटात राहत होता. "दुकानात घेतलं तं नाव कॉम्प्युटरमध्ये जाते. घरी चार रोपं लावायला राज्य हो म्हणते. देश नाही म्हणते. मी दोघांच्या मधात उभा आहे, ताई."

आणि गंमत बघा, राज्याचा नियम असा की प्रत्येक रोपाला मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधायची, लायसन्सच्या नंबरासकट. जो माणूस दिवाळीच्या फराळाच्या डब्यावरही नाव घालत नसे, त्यानं सुवाच्य अक्षरांत चार चिठ्ठ्या लिहून चार रोपांच्या गळ्यात बांधल्या होत्या.

थंडी पडली तशी रोपं तळघरात गेली. वर दिवा, शेजारी छोटा हीटर, खाली थर्माकोल, म्हणजे फरशीचा गारठा मुळांना लागू नये. पाणी कोमट करून घालायचे, आधी मनगटावर थेंब टाकून बघायचे, बाळाचं दूध बघतात तसं. फुलं धरायला लागली होती. औषध फुलातच असतं म्हणे. "अजून दोन आठवडे," ते म्हणत. आधीचा अर्क संपत आला होता.

आणि जानेवारीत बर्फाचं वादळ आलं. आमच्या गावात ती कॉम्प्युटरची प्रचंड गोदामं, डेटा सेंटर म्हणतात ती, दिवसरात्र गुरगुरत असतात, त्यांचा एक दिवा कधी विझत नाही. समोरच्या रांगेतली वीज मात्र गेली ती गेलीच. सकाळी माझ्या मुलानं वहिनींना हाताला धरून आमच्याकडे आणलं, शेगडीपाशी बसवलं. मागोमाग भाऊ आले. आत येईनात. दारातच उभे.

"ताई, तळघरात तोंडातून वाफ निघून राहिली. पानं माना टाकून आहेत. लाइट येईस्तोवर त्या चौघी तुमच्याकडे..."

त्या चौघी! लेकी असाव्यात तसं म्हणाले.

तुम्हाला सांगते, आठच दिवसांवर माझी सिटिझनशिपची मुलाखत होती. माझ्या मुलाचं घर, माझे कागद. मुलगा मागून पुटपुटला, "आई, प्लीज नको." मी म्हटलं, "भाऊ, नाही हो जमायचं."

त्यांना राग नाही आला. मान हलवली. "बरोबर आहे तुमचं. मी पण नाहीच म्हटलं असतं." आणि बर्फावरून जपून पावलं टाकत परत गेले.

वहिनी शेगडीपाशी डोळे मिटून होत्या. माझ्या हातच्या पेजेचा दुसरा घोट घेतला आणि तोंड फिरवलं. "अंबाडीची भाजी असती तं खाल्ली असती," एवढंच म्हणाल्या. मला तिथे बसवेना. खिडकीपाशी गेले आणि पडद्याची पट्टी दोन बोटांनी खाली केली.

समोर त्यांची गाडी उभी, इंजिन आणि हीटर चालू. मागच्या सीटवर तीन कुंड्या, पुढे एक. प्रत्येकीला वहिनींची शाल नाहीतर साडी गुंडाळलेली, आणि प्रत्येकीला सीटबेल्ट. स्टिअरिंगपाशी भाऊ ताठ बसलेले, त्यांचाही बेल्ट लावलेला. गाडी जाग्यावरून हलणार नव्हती, पण नियम म्हणजे नियम. दिवसाढवळ्या, काचेच्या गाडीत, अख्ख्या गल्लीसमोर. "कोणी पाहिलं तं नाही ना" म्हणणारा माणूस!

तेवढ्यात पोलिसांची गाडी वळणावरून आली. हळू झाली. थांबली.

मी काय केलं ते मलाच कळलं नाही. मुलाचे मोठे बूट पायात सरकवले आणि धावले. धावले म्हणजे काय, घसरत गेले. मागून मुलगा ओरडतोय, "आई, स्टॉप!" पोलीस उंचापुरा, काचेवर टकटक करत होता. भाऊंनी काच खाली केली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. ओठ पांढरे. पोलिसानं आत वाकून पाहिलं, त्या साड्या, ते पट्टे. आणि विचारलं, "व्हॉट हॅव वी गॉट हिअर?"

 खोटं बोलायची भाऊंना सवयच नव्हती.

"अंबाडी!" मी ओरडले. "व्हेजिटेबल! व्हेरी सोअर!"

 पोलिसानं माझ्याकडे पाहिलं, नऊवारीच्या वयाची बाई गाऊन आणि बुटांत. मग पुढच्या रोपाच्या गळ्यातली चिठ्ठी दोन बोटांत धरून वाचली. बोटानं कुंड्या मोजल्या. "फोर," तो म्हणाला. "ओके." गाडीचा धुराचा पाइप बर्फानं बुजत चालला होता, तो त्यानं बुटानं मोकळा केला आणि म्हणाला, असे गाडीत बसू नका, मराल. व्हेजिटेबल घरात न्या.

तो गेल्यावर भाऊंना पट्टा सोडता येईना. मीच सोडला. पाचही जणांचा. "चला," म्हटलं, "आणा आत."

त्या संध्याकाळी लाइट येईपर्यंत चौघी माझ्या शेगडीपाशी होत्या. मुलगा माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. मुलाखतीत बाईंनी अमली पदार्थांबद्दलचा प्रश्न वाचला. "नो," म्हटलं. शिक्का मिळाला. पण घरात दिवसभर ठेवलं ते धरायचं की नाही, हे मी अजून कोणाला विचारलेलं नाही. सरकारी पाकीट आलं, बेल वाजली, की अजून आधी खिडकीतून बघते.

फुलं धरली. वहिनी मार्चपर्यंत थोडं थोडं जेवल्या. मग गेल्या. भाऊ घर सोडून दुसऱ्या राज्यात, मॉरिसव्हिलला मुलीकडे गेले. फोन घेत नाहीत.

यंदा एप्रिलमध्ये पोस्टानं एक लिफाफा आला. पाठवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही. आत कागदाची पुडी, मूठभर करडं बी, आणि ओळखीच्या सुवाच्य अक्षरांत एक ओळ: "ही खरी आहे."

लावली. चार कुंड्या. आता कमरेएवढी झालीय. काल पहिल्यांदा भाजीसाठी खुडायला गेले. हात पुढे केला, आणि थांबले. रस्त्याकडे बघितलं, डावीकडे, उजवीकडे, समोरच्या घराच्या बंद पडद्यांकडे.

"कोणी पाहिलं तं नाही ना?" म्हटलं, आणि खुडली.