शिवदासकाकांच्या मांगराची भिंत

मांद्र्याच्या शिवदासकाकांकडे दोन मान होते. एक, देवळात गाऱ्हाणे घालायचा. दुसरा, शिगम्याचा चित्ररथ आपल्या मांगरात, म्हणजे घरामागच्या कोठारात, बांधू द्यायचा. पहिल्याने गावात वजन होते. दुसऱ्याने दरवर्षी मांगराची भिंत जायची, कारण रथ आत बांधला जाई आणि दारापेक्षा मोठा निघे. मंडळाची पोरे एकदा रथाकडे बघत, एकदा दाराकडे, आणि मग पहार आणत.

काम पार पडले की काय चुकले ते गाऱ्हाण्यात घालायचे, ही मंडळाची रीत. देवाच्या कानावर जाते आणि पुढच्यांच्या ध्यानात राहते.

"बा देवा म्हाराजा, रथ बांधूच्या आधी दार मोजूचा, इतकी बुद्धी पोरांका दी रे म्हाराजा," काका म्हणत.

"व्हय म्हाराजा," सगळे एका सुरात म्हणत. नजर प्रसादाच्या ताटावर.

गेल्या वर्षी चिरे कोसळले, शेजारच्या गोठ्यातली म्हैस बिथरली आणि दूध आटले. प्रभावतीकाकूंनी नवऱ्याला सरळ सांगितले, "परत भिंत पडली तर म्हशीक माजघरात बांधतलंय. तुम्ही मांगरात निजा."

काकांनी त्या खेपेला गाऱ्हाणे एवढे लांबवले की कापूर संपला. शिवाय ते मोबाईलवर भरून हरमलच्या मंडळालाही धाडले. तिथल्यांनी उदबत्ती लावून ऐकले आणि यंदा रथ उघड्या माळावर उभारायला घेतला. काकांना वाटले, आता आपलीही पोरे सुधारली.

शिगमो जवळ आला तसा मंडळाचा प्रज्योत सकाळीच दारात येऊन काकांच्या पाया पडला.

"काका, औंदा चूक जावची नाय. गाऱ्हाण्यातला सगळा ध्यानात ठेवला."

"दार मोजलंस?"

"मोजूचा कित्याक? भिंत आदीच पाडली. शेवटाक धावपळ नको."

काका मागे जाऊन बघतात तर चिरे नीट रचलेले, वर खडूने आकडे, परत बांधताना घोळ नको म्हणून. रागवावे तरी कसे? पोरे पहिल्यांदाच काहीतरी शिकली होती.

प्रभावतीकाकू सरळ गोठ्यात शिरल्या. म्हशीचे दावे धरून त्या तिला माजघरात घेऊन गेल्या. काकांनी चटई काखेला मारली. प्रज्योतने उशी घेतली आणि मांगराकडे चालताना म्हणाला, "काका, पुढच्या गाऱ्हाण्यात एक घाला. भिंत पाडूक सकाळची वेळ बरी, ऊन नसता."

"घालतंय," काका म्हणाले. "उशी खाली पाडू नको."