अध्यक्षांनी बिडी सोडल्याचा ठराव

माझे मेहुणे, म्हणजे पत्नीचे धाकटे बंधू, आजही सांगत फिरतात की दुष्काळाच्या साली मी बिडी सोडलीच नव्हती. हे धादांत खोटे आहे.

माकणीजवळच्या आमच्या गावातील सेवा सोसायटीचा मी तेव्हा अध्यक्ष होतो. खोकला असा जडला होता की सभेत माझे एक वाक्य पुरे होईपर्यंत संचालक बाहेर जाऊन चहा पिऊन येत. म्हणून बिडी सोडली आणि माघार घेता येऊ नये यासाठी मासिक सभेत तसा रीतसर ठराव करून घेतला. मेहुणे संचालक होते; सूचक तेच. ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

सव्वा महिना पाळला. मग रस्त्याच्या दुष्काळी कामावर, खडीच्या ढिगाआड, मुकादमाने पेटती बिडी पुढे केली आणि मी ती घेतली. मेहुणे म्हणतात, तीन ओढल्या. एकच ओढली, आणि तीही अर्ध्यावर विझली. विझलेली मी पुन्हा पेटवली, हे त्यांना आजवर ठाऊक नाही.

पुढच्या सभेत ते उभे राहिले. "दाजी, ठराव मोडला तुमी. आता रद्दच करून टाका. तुमी बी मोकळे, आमी बी मोकळे."

ठराव झाल्यापासून सभेत मी कोणालाच ओढू देत नसे. त्यांचे खरे दुखणे ते होते. पण मोकळे व्हावे असे मलाही वाटत होते. खिशात नवे बंडल होते. मेहुण्यांऐवजी दुसरे कोणी बोलले असते, तर मी मान डोलावली असती.

मी सचिवांना विचारले, "गोदाम बांधायचा ठराव कधीचा?"

"तीन सालं झाली."

"बांधलं?"

"एक दगुड बी आणला न्हाय."

"मग रद्द झाला का तो?"

"न्हाय की. उभा हाय अजून."

"तसा माझाही उभा आहे."

"गोदाम काय बिड्या ओढतंय व्हय?" मेहुणे म्हणाले.

मते पडली, चार विरुद्ध चार. अध्यक्षाचे निर्णायक मत मी ठराव कायम ठेवण्याच्या बाजूने दिले. मेहुणे त्याला हुकूमशाही म्हणतात. तो नियम आहे.

बंडल मी तिथेच सचिवांच्या हवाली केले. पुढच्या दोन वर्षांत आणखी दोनदा मी घसरलो. दोन्ही वेळा सभेत उभे राहून स्वतः सांगितले आणि ठराव पुन्हा कायम करून घेतला. दुसऱ्या वेळी तर मेहुणेच सचिवांना म्हणाले, "करा कायम, सायेब. दाजी बसंस्तोर च्या येत न्हाय."

यावरून ते म्हणतात की मी बिडी तीनदा सोडली, म्हणजे दुष्काळाच्या साली सोडलीच नव्हती. मी बिडी सोडली एकदाच, ठराव मोडला तीनदा. त्यानंतर ओढलेली नाही. कोणी पाहिले असेल, तर त्याने समोर येऊन सांगावे.