माय वावरात हसली होती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. वेळ आली की विषय बदलत आलो. जन्मभर अमरावतीला वकिली केली, तिथे एवढंच नीट शिकलो.

आई अर्धांगवायूनं अकोटच्या घरी अंथरुणाला खिळली. तिचं न्हाणंधुणं, भरवणं सगळं धाकटी बहीण सुमन करायची. आणि मी? महिन्याकाठी मोसंबी घेऊन जायचो, पायाशी घटकाभर टेकायचो, शेजाऱ्यांकडून ‘लेक असावा तर असा’ ऐकून परतायचो. असला पोकळ माणूस.

एका हिवाळ्यात न कळवता गेलो. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, “बुढीले वावरात नेलं सुमननं, हुरड्याले.”

गेलो. शेतात गोवऱ्यांच्या आगटीभोवती बायका, मधोमध खाटेवर गोधडीत आई. सुमन गात होती — अन् ज्वारीचे कोवळे दाणे चिरडून आईला भरवत होती. आईचे ओठ राखेनं काळे, तोंड वाकडं, आणि ती हसत होती. माझ्यासमोर कधी हसली होती?

“ये दादा, बस! मायले सांग, दमानं खाय. कोनी पळवून नेऊन नाही राहिलं!”

मला बरं वाटायला हवं होतं ना? मला राग आला. सेवा करणारी बाई रडकीच दिसली पाहिजे — एवढीच माझी अक्कल. सगळ्यांदेखत म्हणालो, “माय मरून राहिली, अन् तू पार्ट्या करून राहिली? लाज नाही वाटत तुले?”

त्यानंतर तिनं आईला कुठे नेलं नाही. गाणंही सोडलं. दोघी त्या खोलीत बसून राहिल्या.

होळीच्या आधी आई गेली. तेरवीला कुणीतरी विचारलं, कशानं गेली? मी म्हणालो, “थंडीत वावरात नेलं न हिनं. तवापासून छाती भरली.” धादांत खोटं. डॉक्टर असं काहीच बोलले नव्हते. सुमन पंगतीत वाढत होती. तिनं ऐकलं — आणि वरणाचं भांडं घेऊन पुढे सरकली.

परवा भाची म्हणाली, “मामा, आईले अजूनही वाटते, आजी तिच्यामुळंच गेली.”

अकोटला गेलो. “कावून आला दादा, एवढ्या उन्हात?”

“सहज.”

कापसाच्या भावावर बोललो. चहा प्यालो. माय हुरड्यानं नाही गेली सुमन, मी खोटं बोललो, माफ कर — एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही.