ज्याची नोंद त्याच्याच नावापुढे

ऑफिसात सगळे तिला आत्या म्हणत. पंधरा वर्षं बालवाडीत शिकवून, चाळिशी उलटल्यावर ती प्रोग्रामिंग शिकली होती. तिच्या हातात पहिलंच स्वतंत्र काम आलं ते एका वृद्धाश्रमाचं. पडद्यावर तिथल्या माणसांची यादी, प्रत्येक नावापुढे एक चौकोन आणि त्यात सिस्टरांनी सकाळी लिहिलेली दिवसभराची सूचना. आत्याने ते जीव ओतून केलं.

आठवड्याभरात मोठ्या सिस्टरांचा फोन आला. "अहो, तुमची यादी आमची भांडणं लावतेय. एकदा येऊन बघा."

झालं होतं ते असं. त्या सकाळी एक म्हातारे शिंपीकाका लेकीकडे राहायला गेले. यादीतून त्यांचं नाव काढलं, तशी खालची नावं एकेक ओळ वर सरकली. सूचना मात्र जागच्या जागीच राहिल्या. शिंपीकाकांची सूचना होती, 'ऐकू कमी येतं, कानाजवळ मोठ्याने बोला.' ती आता खालून वर सरकलेल्या, गाण्याच्या शिक्षिका असलेल्या बाईंच्या नावापुढे आली होती. नव्या मदतनीस मुलीने इमानेइतबारे बाईंच्या कानात बोंब ठोकली.

"जन्मभर सुरांवर तयार केलेले कान माझे," बाई आश्रमात आलेल्या आत्याला म्हणाल्या, "आणि ही पोर चहा घ्या म्हणून ओरडते!"

मदतनीस मुलगी कोपऱ्यात रडवेली होऊन उभी होती. आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. औषधांचा तक्ता वेगळा होता म्हणून निभावलं. नाहीतर काय झालं असतं!

"चूक हिची नाही हो, माझी आहे," ती सगळ्यांदेखत म्हणाली आणि तिथेच लॅपटॉप उघडून बसली.

शेजारून सिस्टर एका आजोबांना नावाने हाक मारत गेल्या. आत्याने सहज विचारलं, "खाटेचा नंबर नाही वापरत?"

"छे! खाटा बदलतात हो. माणूस तोच राहतो ना?"

आत्याचा हात थांबला. तिने प्रत्येक ओळीची ओळख ठरवली होती ती तिच्या जागेवरून: पहिली, दुसरी, तिसरी. मधलं नाव गेलं की पडद्याला वाटे, तिसरी ओळ तर इथेच आहे, तिची सूचना राहू दे. खरं तर आश्रमात येताना प्रत्येकाला एक कायमचा नोंदणी क्रमांक मिळत असे. तो माहितीत होताच, तिनेच वापरला नव्हता. आता तिने प्रत्येक ओळ त्या क्रमांकाशी बांधली. मग खोटी नावं भरली, मधली काढली, क्रम उलटापालटा केला. सूचना आपापल्या माणसाबरोबर हलत राहिल्या. तेव्हा कुठे तिने पाठ टेकली.

मदतनीस मुलीने हळूच पाण्याचा पेला आणून दिला. "तुम्हीही चुकता?" तिने विचारलं.

"चांगलीच," आत्या म्हणाली. दोघीही हसल्या.

निघताना गाण्याच्या बाईंनी आत्याला पदर धरून थांबवलं. "माझ्या नावापुढे आता काय आहे गं?"

"काहीच नाही, बाई. रिकामं आहे."

"मग लिही," त्या म्हणाल्या, "दुपारी कुणीतरी दहा मिनिटं बसायला यावं."

आत्याने मदतनीस मुलीला खुणावलं. मुलीने शब्द न् शब्द लिहिला, लॅपटॉप मिटला आणि खुर्ची ओढून बाईंजवळ बसली.